हेड वाचवणारा माणूस हवाय!

काच, टाइल, लाकूड, पितळ, कशावरही थेट छापणारी यूव्ही फ्लॅटबेड मशीन घ्यायला कर्ज मिळतं, सबसिडीही मिळते. पण ती मे महिन्यात, लग्नसराईत, ऐन कामात बंद पडली तर? भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणाऱ्या तरुणाला कामाची कमी पडणार नाही.

भंडारा बसस्टँडच्या बाहेर पाच मिनिटं उभं राहा आणि नुसतं वर बघत राहा. वाढदिवसाचे फ्लेक्स, कोचिंग क्लासच्या टॉपर्सचे फोटो, सोनाराच्या दुकानाची ग्लो साइन, शंकरपटाचं बॅनर. दिवाळी झाली की त्यात झाडीपट्टीच्या नाटकांची भर पडते. वडशाच्या नाटक कंपन्यांची पोस्टर्स पार होळीपर्यंत गावोगाव दिसतात. पूर्वी यातलं बरंचसं काम पेंटर करायचे. ब्रश, ऑइल पेंट आणि खाली कोपऱ्यात झोकदार सही. मग फ्लेक्स आलं आणि तुमसर, साकोली, पवनीसारख्या तालुक्याच्या गावांतही शटरमागे छपाई सुरू झाली.

आता तिसरी गोष्ट येतेय, यूव्ही फ्लॅटबेड. फ्लेक्सच्या मशीनमध्ये कापडासारखा रोल पुढे सरकतो. इथे उलटं असतं. आठ बाय चार फुटांचा टेबल असतो, म्हणजे प्लायवूडची किंवा एसीपीची अख्खी शीट मावेल एवढा. माल त्यावर आडवा पडून राहतो आणि छपाईची हेडं वरून येरझारा घालतात. फ्लेक्सवर छापून मग सनबोर्डवर चिकटवायची भानगड नाही. सनबोर्डवरच छापा. काचेवर, दरवाजावर, टाइलवर, शाळेच्या सन्मानचिन्हावर छापा. त्यात १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. त्यामुळे नुसत्या स्वस्त फ्लेक्सवर किती दिवस काढायचे, हा विचार प्रत्येक छपाईवाल्याच्या डोक्यात येतोच.

मग मशीन घेतली जाते. जिल्हा उद्योग केंद्रात पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज जातो. त्यात उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा आणि सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि प्रवर्गानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान असतं. समजा, बँकेचं कर्ज पंधरा लाखांचं, मुदत चार वर्षांची, व्याज अकरा टक्के. हप्ता येतो महिन्याला साधारण ३८ हजार ७०० रुपये, म्हणजे रोजचे जवळपास तेराशे. मशीन सहा दिवस बंद राहिली तर पावणेआठ हजार रुपये नुसत्या हप्त्यात गेले. दुकानाचं भाडं, पोराचा पगार आणि हातचं गेलेलं गिऱ्हाईक हा हिशेब वेगळा.

आणि सहा दिवस का, तर इंजिनीअर मुंबई-दिल्लीहून यायचाय. तो रांगेत दुसरी चार गावं करून येणार. इकडे फोनवर एकच ओरड, ‘‘भाऊ, परवा उद्घाटन हाय जी, मशीन पट्टे मारून राहिली, काहीतरी करा ना!’’

या फोनला उत्तर देणारा माणूस जिल्ह्यातच असेल तर? त्याला काय काय माहीत असावं लागेल, त्याची ही गोष्ट.

प्रकाशानं जमणारी शाई

सगळ्या दुखण्याचं मूळ शाईत आहे, म्हणून ते आधी समजून घ्या. फ्लेक्सची सॉल्व्हंट शाई वाळते, म्हणजे तिच्यातलं द्रावण उडून जातं आणि रंग मागे राहतो. यूव्ही शाई त्या अर्थानं वाळत नाहीच. तिच्यात सुटे मोनोमर असतात, रंगद्रव्य असतं आणि प्रकाशानं जागा होणारा एक घटक असतो. हेडाच्या शेजारीच लावलेल्या दिव्याचा अतिनील प्रकाश पडला, की क्षणार्धात ते सुटे रेणू एकमेकांना धरतात आणि प्लास्टिकचा पातळ थर तयार होतो. आजकालच्या मशीनमध्ये हा दिवा बहुतेक एलईडीचा असतो, ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचा.

आता हेड. १८८० मध्ये पिअर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवून दिलं, की काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज तयार होते. याच्या उलटही घडतं. वीज दिली की स्फटिक किंचित वाकतो. छपाईच्या हेडात नेमकं तेच चालतं. स्फटिक वाकतो, शाईच्या खोबणीला धक्का बसतो आणि खालच्या भोकातून एक थेंब सुटतो. रिको जेन ५ नावाचं हेड बऱ्याच फ्लॅटबेडमध्ये दिसतं. त्यात अशी १२८० भोकं आहेत, त्यांना नोझल म्हणतात. सगळ्यात लहान थेंब सात पिकोलिटरचा. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. भोक माणसाच्या केसापेक्षा बारीक.

आता दोन्ही गोष्टी जोडा. केसापेक्षा बारीक भोक आणि प्रकाश लागला की प्लास्टिक होणारी शाई. सॉल्व्हंट हेड अडलं तर भिजवून सुटण्याची आशा असते. यूव्ही शाई नोझलमध्ये प्रकाशानं एकदा जमली की ती विरघळत नाही. हेड गेलं. आणि एका औद्योगिक हेडाची किंमत लाखाच्या घरात असते. एका मशीनवर अशी तीन-चार ते आठ हेडं. म्हणून या धंद्यात ‘मशीन दुरुस्त करणं’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘हेड वाचवणं’ असाच असतो.

पाना नंतर, आधी कागद

नवखा टेक्निशियन आला की पहिल्यांदा झाकण उघडतो. जाणता माणूस आधी नोझल चेक काढतो. ही चाचणीची छपाई असते. प्रत्येक नोझल एक बारीक रेघ मारतो. रेघ नाही म्हणजे नोझल बंद. रेघ तिरकी म्हणजे नोझलच्या तोंडाशी काहीतरी चिकटलंय. ही चाचणी एकदा नाही, लागोपाठ तीनदा काढायची आणि तिन्ही कागद शेजारी ठेवायचे. खरी माहिती तिथे मिळते.

तिन्ही वेळा त्याच जागची रेघ गायब असेल, तर नोझल अडलाय किंवा मेलाय. दर वेळी वेगवेगळ्या जागा गायब होत असतील, तर नोझलांचा दोष नाही. हेडात हवा शिरलीय, शाई पुरत नाहीये किंवा निगेटिव्ह प्रेशर बिघडलंय. अशा वेळी हेड धुत बसणं म्हणजे दुखणं डोक्याचं आणि मलम पायाला. रंगच्या रंग गायब झाला, तर पंप, फिल्टर, सब-टँकचा फ्लोट बघा. आणि नोझलांची एक अख्खी रांग, काठाला काठ लावून, नीट कापल्यासारखी बंद असेल, तर शाईला एवढी शिस्त नसते. ते विजेचं काम आहे. केबल, हेड बोर्ड किंवा फ्यूज.

निगेटिव्ह प्रेशर हा शब्द पुन्हा येणार आहे, म्हणून दोन वाक्यं. हेडाची भोकं खाली तोंड करून असतात. मग शाई आपोआप गळत का नाही? कारण सब-टँकमध्ये वरून हलकासा व्हॅक्यूम लावून ती धरून ठेवलेली असते. ओढ कमी पडली तर शाई मालावर टपकते. जास्त झाली तर शाई वर चढते आणि भोकातून हवा आत जाते. मशीनवर आकडा दिसतो. तो निरोगी असताना किती होता हे लिहून ठेवलेलं असेल तर निदान पाच मिनिटांत होतं. नसेल तर अंदाजपंचे.

गिऱ्हाइकाची तक्रार साधारण ‘पट्टे येऊन राहिले’ एवढीच असते. पण पट्ट्यापट्ट्यांत फरक आहे. नोझल चेक स्वच्छ आहे आणि तरी ठरावीक अंतरावर पांढरी किंवा गडद रेघ येते, तर टेबल किंवा गँट्री पुढे सरकण्याचं माप चुकलंय. ते सॉफ्टवेअरमधून जुळवायचं. अक्षरांच्या कडा दुहेरी दिसतात, तर छपाई एकाच दिशेनं करून बघा. एका दिशेत कडा धारदार आली, तर जाताना आणि येताना थेंब पडण्याच्या वेळेत फरक आहे. तेही माप जुळवायचं, पाना लावायचा नाही. आणि छपाई मध्येच एका बाजूला उडी मारते, तर कॅरेजला ‘मी कुठे आहे’ हे सांगणारी एन्कोडर पट्टी मळलीय का बघा. धूळ आणि शाईची वाफ बसून ती आंधळी होते. मऊ, लव न सुटणाऱ्या कापडानं हलक्या हातानं पुसायची. थिनर लावला तर पट्टीवरच्या रेघाच निघून येतात.

जाता जाता एक सांगतो. मशीनवर ढकललेल्या तक्रारींमध्ये मशीनचा संबंधच नसलेलं एक दुखणं हमखास असतं, मराठी फॉन्ट. डिझाइन करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट असतो, छपाईच्या कॉम्प्युटरवर नसतो. ‘श्री’चा भलताच आकार होतो, जोडाक्षरं सुटतात, वेलांट्या पळतात. अक्षरं कर्व्हमध्ये बदलून फाइल पाठवा, एवढं सांगितलं की ‘मशीन दुरुस्त’ होते. त्याचे पैसे घ्यावेत की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

आपला मे महिना

मशीनसोबत येणाऱ्या पुस्तकात लिहिलेलं असतं, खोलीचं तापमान वीस ते अठ्ठावीस अंश, आर्द्रता चाळीस ते साठ टक्के. हे पुस्तक लिहिणाऱ्यानं विदर्भाचा उन्हाळा पाहिलेला नसतो. आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि हवा इतकी कोरडी होते की गाडीच्या दाराला हात लावला तरी झटका बसतो.

तापमानाचं गणित जरा वेगळं आहे. यूव्ही शाई मुळात घट्ट असते. ती नीट उडावी म्हणून हेडाला हीटर असतो आणि शाई चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत गरम करून पातळ केली जाते. हिवाळ्यात, साकोली-लाखांदूरकडच्या थंड पहाटे, मशीन सुरू करून लगेच छापायला घेतलं तर रेघा तुटतात, कारण शाई अजून गरम झालेली नसते. वीस मिनिटं थांबा, बिघाड आपोआप ‘दुरुस्त’ होतो. उन्हाळ्यात मात्र उलटा फास बसतो. हीटर शाई गरम करू शकतो, थंड करू शकत नाही. पत्र्याखालच्या दुकानात बेचाळीस अंश असतील आणि हेडाचं तापमान चाळीसवर लावलेलं असेल, तर त्या चाळीसला काही अर्थ उरत नाही. शाई गरजेपेक्षा पातळ होते, थेंब फुटतात, बारीक धुकं उडतं, कडा केसाळ दिसतात. टेक्निशियन व्होल्टेज बदलत बसतो आणि दोष छताचा असतो.

मग लोक काय करतात? कूलर लावतात. विदर्भात उन्हाळा म्हणजे कूलर, हे बरोबरच आहे. पण मशीनच्या खोलीत तो दुधारी आहे. त्याच्या ओलाव्यानं स्थिर वीज कमी होते, हा फायदा. पण त्याचा झोत हेड आणि मालाच्या मधल्या दीड-दोन मिलिमीटर फटीतून जातो आणि सात पिकोलिटरच्या थेंबाची वाट चुकवतो. वर बाहेरची धूळ आत ओढतो. आणि भंडारा हा धानाचा जिल्हा. राइस मिलच्या आसपास दुकान असेल तर कोंड्याची भुकटी सगळीकडे बसते. ती रेल्सवरच्या ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखं काम करते. परवडत असेल तर छोटी बंद खोली आणि एसी, आणि एसीनं हवा फार कोरडी झाली तर ह्युमिडिफायर. तेही नसेल तर कूलर शेजारच्या खोलीत ठेवा, झोत मशीनवर येऊ देऊ नका.

स्थिर वीज सगळ्यात जास्त छळते ती अ‍ॅक्रेलिकवर. वरची संरक्षक फिल्म फर्रकन ओढली की शीटवर हजारो व्होल्ट जमतात. मग थेंब जिथे पडायला हवा तिथे न पडता भलतीकडे खेचला जातो आणि डिझाइनभोवती रंगाची धूळ दिसते. फिल्म हळू काढा, शीट आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ओलसर कापडानं पुसा, टेबलाची अर्थिंग तपासा. आयोनायझर बार बसवलेला असेल तर तो चालू आहे का बघा. बसवून विसरलेले बार बरेच असतात.

एलईडी दिव्याला थंड ठेवणारा चिलरही मे महिन्यातच रुसतो. बाहेरच पंचेचाळीस असेल तर तो तरी काय करणार? त्यात मागच्या जाळीत धूळ आणि कोंडा बसलेला. पाणी तापतं, अलार्म वाजतो, दिवा बंद होतो आणि ओली शाई तशीच मालावर राहते. दर आठवड्याला ब्लोअर मारून जाळी साफ करणं, एवढ्यावर यातलं निम्मं दुखणं जातं. आणि चिलरमध्ये बोअरचं पाणी टाकू नका हो! क्षार जमतात, शेवाळ धरतं, दिव्याच्या आतल्या बारीक नळ्या तुंबतात. डिस्टिल्ड वॉटर किंवा कंपनीनं सांगितलेलं कूलंटच.

पावसाळ्याचं दुखणं वेगळं. दमट हवेत एमडीएफ आणि फोमशीट वाकतात. शीटचा कोपरा तीन मिलिमीटर वर आला आणि हेड दोन मिलिमीटरवरून धावतंय, म्हणजे टक्कर ठरलेली. याला हेड स्ट्राइक म्हणतात. हेडं चटकन मरण्याचा हा एक मोठा मार्ग. शीट सपाट जागी, वजनाखाली ठेवायची, टेबलावर चारी बाजूंनी टेप लावायचा, न लागणारी व्हॅक्यूमची भोकं झाकायची म्हणजे ओढ शीटवर पडते. आणि कॅरेजच्या कडेचा टक्कर रोखणारा सेन्सर कामाची घाई आहे म्हणून कुणी बंद केलेला असेल, तर आधी तो चालू करायचा आणि मग चहा प्यायचा.

पितळेवर छापायचंय

भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं जुनं गाव. तेव्हा इथल्या फ्लॅटबेडवाल्याकडे कुणीतरी आज ना उद्या पितळेची प्लेट किंवा तांब्या घेऊन येणारच. ‘‘यावर नाव टाकून द्या, सत्काराला द्यायचं हाय.’’ दिसायला सोपं काम. पण एकाच मालात या धंद्यातले दोन मोठे धोके एकत्र येतात.

पहिला, शाई धरत नाही. प्लास्टिकच्या शीटवर शाई थोडी तरी चावते. चकचकीत धातूवर ती नुसती बसते. त्यात पॉलिशचं तेल आणि हाताचे ठसे. आधी साफ पुसायचं, मग धातूसाठीचा प्रायमर पातळ लावायचा, तो सुकू द्यायचा आणि मग छापायचं. छापल्यावर कोपऱ्यात ब्लेडनं जाळीसारखे उभे-आडवे चरे मारून त्यावर चिकटपट्टी दाबून ओढायची. चौकोन निघून आले तर गिऱ्हाइकाला माल देऊ नका. इथे निदान नीट करा. शाई बोटाला चिकट लागत असेल तर दिवा कमी पडतोय. शाई कोरडी, कडक आहे पण सालीसारखी निघतेय, तर दिव्याचा दोष नाही, पृष्ठभागाचा आहे. पुष्कळ लोक दुसऱ्या प्रकारातही दिवा वाढवत राहतात. त्यानं शाई आणखी ठिसूळ होते आणि अजून लवकर निघते.

दुसरा धोका महागडा आहे. पितळ म्हणजे आरसा. दिव्याचा अतिनील प्रकाश त्यावर आपटून थेट हेडाच्या तोंडावर जातो. काचेचा आरसा, स्टीलची प्लेट, चकचकीत पितळ, तिन्हींना हाच नियम. तास-दोन तास असं काम चाललं की नोझलच्या तोंडाशी शाई जमायला लागते, आधी रेघा तिरक्या होतात, मग गायब. म्हणून अशा कामाला दिव्याची ताकद गरजेपुरतीच ठेवायची, टेबलाचा उघडा चकाकणारा भाग काळ्या, चमक नसलेल्या शीटनं झाकायचा आणि दर थोड्या वेळानं थांबून हेड पुसून नोझल चेक काढायचा. एकेक प्लेट छापण्यापेक्षा लाकडी साच्यात दहा-वीस एकत्र बसवल्या तर दिवा कमी वेळ जळतो. आणि तांब्या? गोल वस्तूंना वेगळं फिरतं जोडयंत्र लागतं. ते नसेल तर सरळ नाही म्हणा. पोटाचा फुगवटा आणि हेडाची फट यांचं जमत नाही.

प्रकाशाचाच आणखी एक चोर आहे, तो म्हणजे दुकानाचं शटर. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानात दुपारी तीननंतर ऊन आत येतं. उन्हातही अतिनील किरण असतात. हेडं विसावतात त्या जागेवर रोज तासभर ऊन पडत असेल, तर तुम्ही रोज थोडं थोडं हेड मारताय. पडदा लावा. एवढा स्वस्त स्पेअर पार्ट या मशीनला दुसरा नाही.

पांढरी शाई आणि गेलेली लाइट

पारदर्शक किंवा गडद मालावर छापायला खाली पांढरा थर लागतो. पांढऱ्या शाईतलं रंगद्रव्य टायटॅनियम डायऑक्साइड असतं, पाण्याच्या चौपटीहून जड. ते तळाशी बसणारच. म्हणून पांढरी शाई सतत फिरती ठेवणारा पंप मशीनला असतो. रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडला की तो पंपही झोपतो. सकाळी नळ्यांमध्ये वर पाणी-पाणी आणि खाली गाळ. तो गाळ पहिल्यांदा फिल्टरला भेटतो, मग हेडाला. पांढऱ्याला रोज थोडं तरी छापा, बाटली ओतण्याआधी नीट हलवा आणि तिच्यावरची मुदत वाचा. रंगांपेक्षा पांढरीची मुदत सहसा कमी असते.

लाइट गेली की काय होतं, हे तर आता तुम्हीच सांगाल. व्हॅक्यूम पंप बंद, निगेटिव्ह प्रेशर गेलं, ज्या मशीनला झडप किंवा बॅटरी नाही तिथे शाई टेबलावर टप टप. कॅरेज मध्येच अडकलेली, हेडं उघडी. म्हणून मशीन घेताना जनरेटरच्या आधी यूपीएसचा विचार करा. अख्खी मशीन नाही तरी निगेटिव्ह प्रेशर, पांढऱ्याचा पंप आणि कॅरेज जागेवर नेण्यापुरता तरी. आणि अर्थिंग. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावला आणि दोन-तीन व्होल्टच्या वर आकडा आला, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, मशीनला हात लावू नका. कारण हेड बोर्डावरचे अर्धे अचानक मृत्यू तिथून येतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे करू नका, प्लीज

हेड अडलं की घरगुती इलाज सुरू होतात. फ्लेक्स मशीनचं सॉल्व्हंट यूव्ही हेडात घालणं हा त्यातला पहिला. त्यानं आतला गोंद आणि रबरी सील फुगतात. यूव्ही शाईसाठीचं फ्लशिंग लिक्विड वेगळं असतं, तेच वापरा. इंजेक्शनच्या सिरिंजनं जोर लावून फ्लश मारणं हा दुसरा. आतले पडदे फाटतात. हेडाचं तोंड कोरड्या टिश्यूनं घासणं हा तिसरा. नोझल प्लेटवरचा शाई न चिकटू देणारा थर खरवडला गेला, की मग ते हेड रोज तिरकंच मारणार. फ्लशनं भिजलेला मऊ स्वॅब, एकाच दिशेनं, न घासता, नुसता फिरवायचा.

स्वस्त मिळाली म्हणून दुसऱ्या कंपनीची शाई उरलेल्या शाईवर ओतणं हा चौथा. दोन्ही थोडी थोडी काचेच्या भांड्यात मिसळून अंधारात एक दिवस ठेवा. दही झालं तर तेच हेडात झालं असतं. शाई बदलायचीच तर आधी सगळ्या नळ्या फ्लश करायच्या.

आणि केबल. शाईचा एक थेंब केबलच्या टोकावर असताना मशीन चालू केली की हेड आणि बोर्ड दोन्ही एका क्षणात जातात. संशय केबलचा असेल तर मशीन पूर्ण बंद करून, दोन्ही टोकं स्वच्छ आणि कोरडी करून, शेजारच्या हेडाच्या केबलशी अदलाबदल करा. दोष केबलसोबत सरकला तर केबल गेली, शे-पाचशेचं काम. दोष त्याच हेडावर राहिला तर केबल निर्दोष, मग बोर्ड आणि त्यानंतर हेड. हा क्रम सोडून थेट ‘हेड बदला’ म्हणणारे बरेच आहेत.

एक गोष्ट मशीनची नाही, तुमची आहे. न जमलेली यूव्ही शाई त्वचेला लागली तर अ‍ॅलर्जी होऊ शकते. आणि ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर सोबत राहते. मग थेंबभर शाईनंही हात फुटतात आणि हा धंदाच सोडावा लागतो. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, खिडकीला पंखा. हात थिनरनं नाही, साबणानं धुवा. थिनर शाईला कातडीच्या आत ढकलतो. काही यूव्ही शायांत वापरला जाणारा टीपीओ हा घटक प्रजननाला घातक असल्याचं युरोपनं मान्य केलंय आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे नेलपॉलिशसारख्या सौंदर्यप्रसाधनांत तो वापरायला बंदी आहे. शाईच्या बाटलीसोबत सुरक्षा माहितीपत्रक येतं. न आल्यास मागा. आणि फ्लशचं उरलेलं पाणी नालीत, म्हणजे शेवटी वैनगंगेत, ओतायचं नाही. हा घातक कचरा आहे, तो वेगळा साठवून परवानाधारकाकडे द्यायचा असतो.

यात शिरायचं कसं?

फक्त ‘फ्लॅटबेड दुरुस्ती’ असा कोर्स शोधत बसू नका. आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन, फिटर, यातलं काहीही पायाला पुरतं. पुण्यात पीव्हीजीमध्ये आणि मुंबईत शासकीय मुद्रण तंत्र संस्थेत छपाईचं रीतसर शिक्षण आहे, जमलं तर उत्तमच. पण खरी शाळा म्हणजे नागपुरातल्या एखाद्या साइनेजच्या कारखान्यात वर्षभर ऑपरेटर म्हणून राबणं. तिथे सकाळी मशीन कशी जागी करतात आणि रात्री कशी झोपवतात हे हाताला कळतं. कंपनीचा इंजिनीअर आला की त्याच्या मागे पाना धरून उभं राहायचं आणि तो आधी काय बघतो, हे लिहून घ्यायचं. रंगाचं सॉफ्टवेअर शिकून घ्या, कारण अर्धे बिघाड तिथल्या चुकीच्या सेटिंगचे असतात.

मुलींना हे काम जमेल का, असं कुणी विचारलं तर त्याला नोझल प्लेट पुसायला सांगा. इथे ताकद लागत नाही. लागतो तो हलका हात आणि घाई न करण्याचा स्वभाव.

एकाच गावात दहा फ्लॅटबेड नसतील, हे खरं. पण फ्लेक्सच्या मशीन आहेत, लेझर कटर आहेत, सीएनसी राउटर आहेत. रेल, बेल्ट, मोटर, एन्कोडर, अर्थिंग सगळीकडे तेच. भंडारा-तुमसर-गोंदिया एका बाजूला, लाखनी-साकोली दुसऱ्या बाजूला, दुचाकीवर फिरता येईल एवढा हा पट्टा आहे. बिघाडाच्या फोनवर जगण्यापेक्षा महिन्याचा ठरावीक करार करा. महिन्यातून दोन फेऱ्या, फिल्टर, ग्रीस, चिलरची जाळी, नोझल चेकचा कागद तारीख टाकून फाइलला. मालकाला वर्षाचा करार महाग वाटला तर त्याला एका हेडाची किंमत विचारा आणि गप्प बसा.

बॅगेत काय ठेवायचं? मल्टिमीटर, हेडलॅम्प, लव न सुटणारे स्वॅब, यूव्ही फ्लश, दोन-तीन प्रकारच्या केबल, फ्यूज, फिल्टर, डिस्टिल्ड वॉटर, थर्मामीटर-हायग्रोमीटर आणि एक वही. वहीत प्रत्येक मशीनचं एक पान. निगेटिव्ह प्रेशर किती, हेडाचं तापमान किती, कोणती शाई, शेवटचा फिल्टर कधी. आणि एखाद्या दिवशी ‘हेड बदलावं लागेल’ असं सांगायची वेळ आलीच, तर केबल अदलाबदल करून बघितली का, हा मालकाचा प्रश्न येईल. तो दिवस आणि ती तारीखही त्याच पानावर असू द्या.